फेडर कुणाच्या हातात?

काही वर्षांपूर्वी एका जिल्हा आकाशवाणी केंद्रावर दहा मिनिटांचं भाषण वाचायला गेलो होतो. विषय होता कोरडवाहू रब्बीची पेरणी. संहिता आठवडाभर आधी पाठवलेली होती. स्टुडिओत शिरण्यापूर्वी ती परत हातात आली, तेव्हा 'वापसा' या शब्दाभोवती लाल गोल होता आणि समासात लिहिलं होतं, 'जमिनीतील योग्य ओलावा'. मी म्हटलं, "साहेब, ऐकणारे शेतकरी आहेत." केंद्रावरचे अधिकारी शांतपणे म्हणाले, "शहरातलेही ऐकतात हो." वाद घालायला वेळ नव्हता. लाल दिवा लागला, मी वाचून मोकळा झालो. भाषण लागलं त्या संध्याकाळी गावाहून चुलत्यांचा फोन आला. "बोललास झकास. पण वापशाचं काहीच कसं नाही सांगितलंस?"

त्या अधिकाऱ्याचा मला राग नाही. ऐकणाऱ्याला शब्द कळला पाहिजे हा त्यांचा आग्रह रास्तच होता. फक्त 'ऐकणारा' म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर जो माणूस उभा होता, तो माझ्या चुलत्यांसारखा नव्हता. समजा, त्या दिवशी निवेदकाच्या खुर्चीत चुलतेच बसले असते आणि मी त्यांच्यासमोर, तर त्यांचा पहिलाच प्रश्न वापशाचा आला असता आणि माझी दहा मिनिटं त्यातच संपली असती. कार्यक्रम माझ्या भाषणापेक्षा नक्कीच बरा झाला असता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे : आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांनी आठवड्यातला निदान एक तास त्या जिल्ह्यातल्या सामान्य श्रोत्यांच्या हवाली करावा. निवेदक ते श्रोतेच, विषय त्यांनी निवडलेला, समोर कोणाला बसवायचं तेही त्यांनीच ठरवलेलं. शिंपी, एसटीचा वाहक, आशा सेविका, ऊसतोडीला जाऊन आलेली बाई, निवृत्त तलाठी, बारावीतली मुलगी. पाहुणा निवेदक म्हणा हवं तर, पण त्याला पाहुण्यासारखं वागवू नका.

"फोन-इन आहेच की!" असं यावर हमखास ऐकू येतं. आहे ना. फोन लागतो, निवेदक विचारतात कुठून बोलताय, काय करता, घरी कोण कोण असतं, कोणतं गाणं ऐकवू. चाळीसएक सेकंदांत माणूस आपलं गाव, मुलाबाळांची नावं आणि गाण्याचा मुखडा सांगून संपतो. तो जरा वेगळं काही बोलू लागला, समजा गावात आठ दिवस वीज नाही असं, की फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, हळूच खाली येतो आणि "धन्यवाद, तुमच्या आवडीचं गाणं ऐकू या". आवाज गेला कसा हे ऐकणाऱ्यालाही कळत नाही, इतक्या सफाईने. रेडिओवर खरी सत्ता या तीन इंची सरकत्या बटणाची. कोणाला विचारायचं, काय विचारायचं आणि कोणाला कुठे थांबवायचं, हे ज्याच्या हातात तो निवेदक. बाकी सगळे वक्ते.

पाहुण्याला ही सत्ता दिली तर काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण बीबीसीचं आहे. रेडिओ फोरवर सकाळी चालू घडामोडींचा एक जुना कार्यक्रम असतो. २००३ पासून नाताळ ते नववर्ष या आठवड्यात तो रोज एका पाहुण्या संपादकाच्या ताब्यात देतात. २००९ च्या ३१ डिसेंबरला ही पाळी होती रहस्यकथाकार पी. डी. जेम्स यांची. वय वर्षं ८९. त्यांनी मुलाखतीला बसवलं ते थेट बीबीसीच्या महासंचालकांना, मार्क थॉम्पसन यांना, आणि वरिष्ठांच्या भरमसाट पगारांवरून आजीबाईंनी अतिशय मृदू आवाजात त्यांची अशी हजेरी घेतली की त्याची बातमी झाली. त्या कार्यक्रमाच्या पगारी मुलाखतकारांना हे प्रश्न सुचले नसतील असं थोडंच आहे? पण आपल्याच साहेबाला ते विचारायचे कोणी? पाहुण्याच्या हातून साप मारून घ्यावा म्हणतात, तसं झालं. अर्थात जेम्सबाई उमराव सभेच्या सदस्य आणि एकेकाळच्या बीबीसीच्या गव्हर्नर, म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेल्या श्रोत्या नव्हेत. ते उदाहरण तेवढ्यापुरतंच.

आपल्याकडेही पाहुणा निवेदक नवा नाही. विविध भारतीवर फौजी भाइयोंसाठीच्या 'विशेष जयमाला'त चित्रपटसृष्टीतली माणसं येऊन आपल्या पसंतीची गाणी लावत, आठवणी सांगत. आम्ही ते कान टवकारून ऐकलेलं आहे. पण पाहुणा म्हणजे नामवंत, ही सवय आपल्या रेडिओला तिथून लागली ती लागलीच. दिवाळीत साहित्यिक, गणपतीत कीर्तनकार, महिला दिनाला पहिल्या महिला अमुक आणि पहिल्या महिला तमुक. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, तो जवानसुद्धा फर्माइशीच्या चिठ्ठीपुरताच.

इथे कायद्याचा एक मुद्दा सांगितला पाहिजे, आणि त्यात आपला एक मराठी माणूस आहे. १९९३ च्या हीरो कप क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात भांडण लागलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात स्वच्छ लिहिलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठी, सार्वजनिक यंत्रणेच्या देखरेखीखाली झाला पाहिजे. प्रसार भारतीचा कायदा १९९० सालीच झालेला होता, तो अमलात आला १९९७ च्या सप्टेंबरात. म्हणजे कागदोपत्री तरी आकाशवाणी सरकारची उरलेली नाही आणि तिथल्या कर्मचाऱ्यांची तर ती कधीच नव्हती. चुलत्यांना त्या खुर्चीत बसवणं हा उपकार ठरत नाही. सातबारा त्यांचाच आहे, कूळ मात्र वेगळंच दिसतंय.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा, आणि तो पुण्याचा आहे. १९५६ सालचा. पुणे आकाशवाणी सुरू होऊन अजून तीन वर्षंही झाली नव्हती, मुंबई राज्य अजून मुंबई राज्यच होतं. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने शेती रेडिओ मंच नावाचा प्रयोग हाती घेतला. कल्पना कॅनडातून आलेली. पाच मराठी जिल्ह्यांत मिळून दीडशेच्या आसपास गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचा गट, एक निमंत्रक, एक रेडिओ. १९ फेब्रुवारी ते २६ एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. गटाने एकत्र बसून ऐकायचं, मग चर्चा करायची, ठरलेलं शक्य तितकं गावात करायचं आणि उरलेले प्रश्न लिहून पुण्याला धाडायचे. पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरं यायची.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचा अभ्यास केला. पॉल न्यूरॅथ हे समाजशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनी फार शहाणपणाने तीन प्रकारच्या गावांची तुलना केली : जिथे मंच आहे अशी, जिथे नुसता रेडिओ आहे अशी, आणि जिथे दोन्ही नाही अशी. मंच असलेल्या गावांत लोकांचं ज्ञान लक्षात येईल इतकं वाढलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. तोच कार्यक्रम, तोच निवेदक, तीच माहिती. मग फरक कशाने पडला? एकत्र बसून चर्चा झाल्याने, आणि मला वाटतं, आपण बोललेलं पुण्याला कोणीतरी वाचणार आहे आणि त्याला उत्तर देणं भाग आहे, हे माहीत असल्याने. १९५९ पासून ही योजना देशभर नेली आणि नंतर यथावकाश ती सरकारी योजनांच्या नेहमीच्या वाटेने गेली.

सत्तर वर्षं होत आली. एवढा सज्जड पुरावा आपल्याच मातीत, आपल्याच भाषेत तयार झाला आणि आपण तो ग्रंथालयाच्या कपाटात ठेवून दिला. माझी मागणी ही त्याच प्रयोगाची पुढची पायरी आहे. तेव्हा गावाची चिठ्ठी पुण्याला जायची. आता गावाचा माणूसच जाऊ द्या. रस्ते झालेत.

मधल्या काळात आकाशवाणीने एकदा हे करूनही पाहिलं होतं. १९६९ मध्ये दिल्लीत युववाणी सुरू झाली आणि पुढे ती गावोगावच्या केंद्रांवर पसरली. तरुणांचा कार्यक्रम तरुणांनीच चालवायचा, असा तिचा रिवाज. कॉलेजातली पोरं येऊन निवेदन करायची, अडखळायची, शिकायची. पुढे रेडिओत, नाटकात, वर्तमानपत्रांत गाजलेले कितीतरी आवाज तिथे घडले. मग वयाच्या तिशीनंतर माणसाला निवेदन करता येत नाही, असा समज कुठून झाला?

१९८४ मध्ये तमिळनाडूत नागरकोईलला आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र निघालं. त्यानंतर आपल्याकडेही जिल्ह्याजिल्ह्यांत ती उभी राहिली. कल्पना हीच होती की जिल्ह्याने जिल्ह्याशी बोलावं. आज त्यांच्या वेळापत्रकातला केवढा भाग मुंबई-दिल्लीच्या सहक्षेपणात, म्हणजे तिथले कार्यक्रम जसेच्या तसे इथून लावण्यात, जातो ते एकदा रेडिओ लावून बघावं. कार्यक्रम विभागातल्या जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत. जे आहेत ते कागदपत्रांत बुडालेले. स्थानिक केंद्राची इमारत स्थानिक, मनोरा स्थानिक, आवाज बाहेरगावचा.

"मग सामुदायिक रेडिओ कशासाठी आहेत? तिकडे जा ना," असा सल्ला मिळतो. सामुदायिक रेडिओ म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या परिसरापुरतं चालवलेलं छोटं केंद्र. तिकडे खरंच चांगलं काम चाललंय. तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर नावाचं गाव आहे, आपल्या सीमेपासून फार लांब नाही. तिथल्या दलित शेतकरी बायकांच्या संघांसाठी युनेस्कोच्या मदतीने १९९८ लाच स्टुडिओ तयार झाला, पण प्रक्षेपणाचा परवानाच नाही. तर या बायकांनी दहा वर्षं कॅसेटी भरल्या आणि संघांच्या बैठकांत वाजवल्या. सरकारी धोरण बदललं २००६ मध्ये आणि १५ ऑक्टोबर २००८ ला संघम रेडिओ हवेत गेला. मोठ्या रेडिओवरची तेलुगू आमची नव्हेच, ही त्यांची मूळ तक्रार. म्हणजे त्यांच्याही कागदावर कोणीतरी 'वापसा'ला लाल गोल केला होता तर! आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी त्याच वर्षापासून माणच्या बायकांचा आवाज ऐकवतेय. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे.

पण हिशेब बघा. सामुदायिक रेडिओची ताकद १०० वॉट, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. देशभरात अशी केंद्रं पाचशेच्या आसपास. महाराष्ट्रात तालुके साडेतीनशेहून जास्त आणि त्यातले बहुतेक या पल्ल्याच्या बाहेर. शिवाय हे केंद्र चालवायला एखादी संस्था, महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र लागतं, दरमहा पैसे लागतात. जिल्हा केंद्र मात्र उभं आहेच, त्याची वीज, त्याचा ट्रान्समीटर आपल्या करातून चालतोच. शेजाऱ्याने अन्नछत्र घातलं म्हणून आपल्या घरची चूल कोणी विझवत नाही.

आक्षेपांपैकी दर्जाचा आक्षेप मला सगळ्यात कमी जड वाटतो. लोक अडखळतील, 'ण' आणि 'न'चा घोळ करतील, मध्येच खोकतील. करू देत. मुंबईच्या रेडिओच्या इतिहासातली सगळ्यात धाडसी निवेदक बावीस वर्षांची विद्यार्थिनी होती. १९४२ च्या ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडेपर्यंत, जागा बदलत बदलत, उषा मेहतांनी काँग्रेस रेडिओ चालवला. ध्वनिचाचणी तिची कोणी घेतली नव्हती. आणि उच्चारांचं म्हणाल तर चंदगडचा माणूस चंदगडसारखं आणि चंद्रपूरचा चंद्रपूरसारखं बोलला, तर जिल्हा केंद्राने त्यात लाजावं असं काय आहे? प्रमाण मराठी ऐकायला मुंबई आहे ना.

खरा आक्षेप आहे तो नैमित्तिक निवेदकांचा. आकाशवाणीचं बरंचसं निवेदन या लोकांच्या जिवावर चालतं. ध्वनिचाचणी देऊन, प्रशिक्षण घेऊन आलेली ही माणसं. महिन्याला साधारण सहा ड्युट्या, त्याही मिळतील तेव्हा. कायम करा म्हणून अनेकांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. वीस-पंचवीस वर्षं पहाटेचं सुगम संगीत लावणाऱ्या निवेदिकेला आपण जाऊन सांगायचं की तुमच्या जागी आता हौशी लोक फुकट बसणार आहेत? हे मी कधीच म्हणणार नाही. 'लोकसहभाग' हा शब्द आपल्याकडे फुकटच्या मजुरीला दिलेलं गोंडस नाव झालेला आहे, हे ग्रामपंचायतीपासून ग्रंथालयांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून हा तास नैमित्तिक निवेदकाच्या ड्युटीतून कापायचा नाही. तो सहक्षेपणातून कापायचा. त्या तासाला पाहुण्याशेजारी एक अनुभवी नैमित्तिक निवेदक बसला पाहिजे आणि त्याला पूर्ण ड्युटीचे पैसे मिळाले पाहिजेत, आधीच्या तयारीच्या दिवसासकट. त्याचं काम यंत्र सांभाळायचं, घड्याळावर नजर ठेवायची, पाहुणा गडबडला तर हळूच हात द्यायचा. विहिरीत पोहायला शिकवताना भोपळा बांधतात तसं. पाहुण्यालाही मानधन द्या, निदान बुडालेल्या रोजंदारीइतकं. नाहीतर खुर्चीत फक्त तेच येतील ज्यांना दुपारी वेळ असतो. मग हा निवृत्तांचा कट्टा होईल. निवृत्तांबद्दल मला आदर आहे, मी स्वतः त्या रांगेत आहे, पण कट्टे आपल्याकडे पुष्कळ झालेत.

दुसरा जड आक्षेप राजकारणाचा. माईक मोकळा म्हटल्यावर पहिला कोण धावत येईल हे काय सांगायला हवं? ज्याचा वाढदिवसाचा फलक चौकात लागलेला आहे तो. त्याच्यामागे बुवा, मग क्लासवाले, मग प्लॉट विकणारे. म्हणून निवड अर्ज-शिफारशीवर ठेवूच नये. तालुकावार नावं घ्यावीत, पत्राने, फोनने, व्हॉट्सअॅपने, आणि चिठ्ठ्या टाकून काढावीत. पदावर असलेला किंवा उमेदवारी केलेला माणूस बाद, निम्म्या चिठ्ठ्या बायकांच्या. चिठ्ठीत वाईट निवेदक निघेल, हे मान्य. पण वशिल्याचा निघणार नाही.

आणि आचारसंहिता? ती आहेच. १९६७ पासून आकाशवाणीची प्रसारण संहिता आहे : धर्मांवर हल्ला नको, हिंसेला चिथावणी नको, न्यायालयाचा अवमान नको, कोणत्याही पक्षावर नाव घेऊन हल्ला नको वगैरे. हीच संहिता सामुदायिक केंद्रांनाही लागू आहे, आणि तिथे शेतमजूर बाया ती पाळून वर्षानुवर्षं निवेदन करताहेत. त्यांना केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो, तक्रार आली तर ऐकता यावा म्हणून. जिल्हा केंद्राला हे अवघड नाही. पहिले दोन भाग ध्वनिमुद्रित करून लावावेत, पुढचे थेट, काही सेकंदांच्या उशिराने. भीती वाटते ती शिवीगाळीची नसतेच मुळी. भीती असते ती "आमच्या गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र रात्री बंद का असतं?" या प्रश्नाची. संहितेतल्या कोणत्याही कलमाने तो अडत नाही. तो अडतो तो केंद्रावरच्या कोणाला तरी दुसऱ्या दिवशी येणाऱ्या फोनच्या धास्तीने. पगारी माणसाची ही धास्ती मला समजते. त्याची बदली होऊ शकते. एसटीच्या वाहकाने विचारलं तर केंद्र निदान म्हणू शकतं, "साहेब, चिठ्ठीत नाव निघालं होतं, आम्ही काय करणार?"

एक गोष्ट मात्र मला कळकळीने सांगायची आहे. एका पाहुण्याला एकच भाग देऊ नका. एक भाग म्हणजे हळदीकुंकू : वाण घेतलं, फोटो काढला, घरी गेले. पहिल्या भागात माणूस घाबरलेला असतो आणि आपल्याला वाटतं तसं बोलण्याऐवजी रेडिओवर जसं बोलतात असं त्याला वाटतं तसं बोलतो. "नमस्कार श्रोतेहो, आज आपल्या समवेत उपस्थित आहेत..." आयुष्यात 'समवेत' हा शब्द न वापरलेला माणूससुद्धा माईकसमोर तो वापरतो. दुसऱ्या भागात श्रोत्यांचे फोन आलेले असतात, निम्मे चुका काढणारे. तिसऱ्यापासून त्याला फेडरचा अंदाज येतो आणि तो 'समवेत' टाकून देतो. म्हणून चार भाग सलग द्या, एका महिन्याचे. वर्षाला बारा माणसं होतील. दहा वर्षांत जिल्ह्यात एकशेवीस अशी माणसं, ज्यांनी कधीतरी अधिकाऱ्याला समोर बसवून प्रश्न विचारलाय आणि उत्तर लांबलं तेव्हा हात बटणाकडे नेलाय.

चुलते आता थकलेत. रेडिओ अजून उशाशी असतो, पण बहुतेक वेळ खरखरतो. परवा मी त्यांना ही कल्पना सांगितली आणि विचारलं, तुमची चिठ्ठी निघाली तर पहिला कार्यक्रम कशावर कराल? त्यांनी जराही विचार न करता सांगितलं, "तलाठ्याला बोलवीन. पीक पाहणीचं ते मोबाइलवरचं मला कोणी नीट सांगितलेलं नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तो येईल का?"